मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधील बिघाड व त्याचे निदान

कार्ब्युरेटर हे पेट्रोल एंजिनास लागणारे इंधन व हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून देणारे यांत्रिक उपकरण होय. भारतात एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींत त्याची जागा बहुतांशी इंधन अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) प्रणालीने घेतली. मात्र त्यापूर्वी बनलेल्या असंख्य मोटारसायकली आजही रस्त्यावर असून वापरलेल्या वाहनांच्या बाजारात त्यांची सतत खरेदी-विक्री होते. अशा गाडीचा पूर्वेतिहास खरेदीदारास सहसा ठाऊक नसतो. कार्ब्युरेटरमध्ये कोणते जेट बसविले आहे, सुई कोणत्या खाचेत आहे, गाडी किती महिने उभी होती, यांपैकी काहीही कागदपत्रांत नोंदलेले नसते. त्यामुळे जुन्या गाडीच्या दुरुस्तीत कार्ब्युरेटरच्या बिघाडाचे निदान हा महत्त्वाचा भाग ठरतो. चुकीच्या निदानाने खर्च वाया जातो, आणि मिश्रण दीर्घकाळ विरळ राहिल्यास दट्ट्या (पिस्टन) व सिलिंडर कायमचे खराब होऊ शकतात.

कार्यतत्त्व

कार्ब्युरेटरमधून एंजिनाकडे जाणारा हवेचा मार्ग मध्यभागी निमुळता केलेला असतो. या निमुळत्या भागास इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) यांच्या नावावरून व्हेंचुरी म्हणतात. येथे हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाऊन हवेत फवारले जाते. फवाऱ्यावर चालणाऱ्या कार्ब्युरेटरचा विकास १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे केला. मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. यापेक्षा पेट्रोल अधिक असल्यास मिश्रण दाट (रिच) आणि कमी असल्यास विरळ (लीन) समजले जाते. एंजिनास सर्वाधिक शक्ती किंचित दाट मिश्रणावर मिळते. दाट मिश्रणाने प्लग काळा पडतो, पेट्रोल जास्त जळते व धूर होतो. विरळ मिश्रणाने एंजिन तापते. यांतील पहिला दोष खिशाला लागतो, दुसरा एंजिनाला. म्हणून शंका असेल तेव्हा मिश्रण थोडे दाट ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

निदानाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त गोष्ट ही की, कार्ब्युरेटरमध्ये एकच इंधनमार्ग नसून अनेक मार्ग असतात व ते थ्रॉटलच्या वेगवेगळ्या उघडझापीवर काम करतात. एंजिन नुसते चालू असताना आणि थ्रॉटल सुमारे एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट व त्याचा स्क्रू यांचा प्रभाव असतो. पुढे एक चतुर्थांशापर्यंत सरकत्या झडपेच्या (स्लाइड) कापलेल्या कडेचा, एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश या टप्प्यात सुई व सुईच्या जेटचा, आणि त्यापुढे मुख्य जेटचा प्रभाव असतो. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असले, तरी गाडी नेमकी कोणत्या टप्प्यात अडखळते हे कळल्यास दोष कोठे शोधावा हे बरेचसे ठरते. या संदर्भात एंजिनाचा वेग किंवा गिअर महत्त्वाचा नसून मूठ किती फिरविली आहे हे महत्त्वाचे असते. मुठीवर व तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीच्या खुणा करून गाडी चालवून पाहिल्यास हा टप्पा सहज ओळखता येतो.

भारतीय मोटारसायकलींतील प्रकार

जुन्या भारतीय गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात थ्रॉटलची केबल सरकती झडप थेट उचलते. यामाहा आरएक्स १०० मधील मिकुनी बनावटीचा, रॉयल एनफील्ड बुलेट ३५० च्या ओतीव लोखंडी एंजिनावरील मिकार्ब व्हीएम २४, आणि म्हैसूर येथे बनलेल्या जावा-येझदी गाड्यांवरील जिकोव्ह हे या प्रकारचे होत. बुलेटच्या आरंभीच्या गाड्यांवर ब्रिटिश अमाल कार्ब्युरेटर असत. दुसऱ्या प्रकारात केबल फक्त फुलपाखरू झडप उघडते व सरकती झडप एंजिनाच्या निर्वात दाबाने एका रबरी पडद्याच्या (डायफ्रॅम) साहाय्याने वर उचलली जाते. याला स्थिर-वेग किंवा सीव्ही कार्ब्युरेटर म्हणतात. अलीकडच्या अनेक १५० घन सेंटिमीटर व त्यापुढील गाड्यांत तो असतो. पहिल्या प्रकारात झिजणारा भाग म्हणजे धातूची झडप, दुसऱ्यात फाटणारा भाग म्हणजे पडदा.

चोकचेही दोन प्रकार आहेत. काहींत चोक म्हणजे हवेचा मार्ग अडविणारी पत्री असते. मिकुनी व्हीएम प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये मात्र चोक हा जादा पेट्रोल देणारा स्वतंत्र मार्ग असून तो थ्रॉटल बंद असतानाच नीट काम करतो. चोक ओढून वर मूठ पिळत किक मारण्याची सवय या गाड्यांत निष्फळ ठरते, कारण मूठ उघडताच तो मार्ग खेचणारा निर्वात दाब नाहीसा होतो. गाडी सकाळी चालू होत नाही या तक्रारीचे कारण कित्येकदा एवढेच असते.

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वीच्या तपासण्या

गाडी नीट चालत नसल्यास प्रथम कार्ब्युरेटर उघडण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात त्यावर आलेला आळ अनेकदा दुसऱ्याच भागाचा असतो. खराब प्लग, सैल प्लग कॅप, तापल्यावर निकामी होणारी इग्निशन कॉइल, व्हॉल्व्हमधील चुकीचे अंतर, धुळीने भरलेले एअर फिल्टर यांची लक्षणे मिश्रणाच्या दोषांसारखीच दिसतात. ठिणगी, दाब (कॉम्प्रेशन) व फिल्टर यांची तपासणी आधी करावी, हा क्रम वेळ व पैसा दोन्ही वाचवितो.

पेट्रोलचा पुरवठा तपासण्याची रीत सोपी आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीखालील ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल बाटलीत वाहू द्यावे. धार सुरुवातीस जोरात येऊन मग क्षीण होत असेल, तर कॉकमधील जाळी गाळाने भरली आहे किंवा टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. झाकण उघडताच धार पुन्हा जोरात आली तर दोष छिद्राचा. काही किलोमीटर चालून बंद पडणारी व दहा मिनिटे थांबल्यावर आपोआप चालू होणारी गाडी पुष्कळदा या बुजलेल्या छिद्राची बळी असते. बाटलीतील पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवून पाहिल्यास तळाशी पाण्याचा वेगळा थर अथवा गंजाचे तांबूस कण दिसतात. गंज दिसल्यास केवळ कार्ब्युरेटर धुऊन उपयोग नसतो. टाकी आतून साफ केल्याखेरीज तोच कचरा आठवड्याभरात पुन्हा जेटमध्ये येतो.

कार्ब्युरेटर व एंजिन यांना जोडणारे रबरी किंवा इन्सुलेटरयुक्त नळकांडे जुन्या गाडीत तडकलेले असते, किंवा त्याची ओ-रिंग चपटी झालेली असते. येथून चोरवाटेने आत जाणारी हवा मिश्रण विरळ करते. अशा गाडीची आयडलिंग स्थिर राहत नाही. मूठ सोडली तरी फेरे लगेच खाली येत नाहीत. एंजिन चालू असताना सांध्यावर साबणाचे पाणी थोडे थोडे सोडल्यास गळतीच्या जागी ते आत ओढले जाऊन एंजिनाचा आवाज बदलतो. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा मारला जातो. गरम सायलेन्सरशेजारी हा प्रकार धोक्याचा आहे.

लक्षणे व त्यांचा अर्थ

गाडी केवळ चोक ओढल्यावरच चालणे व चोक सोडताच बंद पडणे, हे पायलट जेट बुजल्याचे नेहमीचे लक्षण आहे. गाडी दोन-तीन महिने उभी राहिल्यास वाटीतील पेट्रोलाचा हलका अंश उडून जातो व उरलेला चिकट राळेसारखा थर सर्वांत बारीक छिद्रात, म्हणजे पायलट जेटमध्ये, आधी बसतो. मुंबईकर कुटुंबे कोकणातील घरी ठेवून जातात त्या गाड्यांच्या बाबतीत गणपतीच्या सुटीत हाच अनुभव येतो. पावसाळी दमटपणामुळे तेथे वाटीच्या जस्त-मिश्रधातूवर पांढरी बुकटीही धरलेली असते. जाण्यापूर्वी कॉक बंद करून वाटी रिकामी करणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

मूठ एकदम पिळल्यावर गाडी क्षणभर गचका खाऊन मग उचल घेत असेल तर पायलट मार्ग विरळ असण्याची शक्यता असते. उतारावर मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येणे हेही त्याच दोषाकडे बोट दाखविते, मात्र सायलेन्सरच्या सांध्यातील गळतीनेही तसा आवाज येतो. अर्ध्या मुठीपर्यंत व्यवस्थित चालणारी गाडी पूर्ण मूठ दिल्यावर दमत असेल तर मुख्य जेट, फ्लोटची पातळी किंवा पेट्रोलचा पुरवठा तपासावा. सीव्ही कार्ब्युरेटर असलेली गाडी कितीही मूठ दिली तरी ठरावीक वेगापुढे जात नसेल, तर पडदा उजेडासमोर ताणून पाहावा. सुईच्या टोकाएवढे छिद्रही पुरेसे असते.

सर्वाधिक दुर्लक्षित दोष झिजेचा आहे. हजारो किलोमीटर चाललेल्या गाडीत सुई कंप पावून पितळी सुई-जेटचे गोल छिद्र लंबगोल करते. त्यामुळे शहरात नेहमी वापरल्या जाणाऱ्या पाव ते अर्ध्या मुठीच्या टप्प्यात मिश्रण दाट होते व पेट्रोल जास्त लागते. सगळे जेट धुऊन स्वच्छ केले तरी हा दोष जात नाही, कारण छिद्र बुजलेले नसून मोठे झालेले असते. सुई व सुई-जेट जोडीनेच बदलावी लागतात. सरकती झडप व तिची भिंत झिजल्यास झडप हाताला खडखडते. अशा वेळी नवा कार्ब्युरेटर घेणेच किफायतशीर पडते.

पेट्रोल ओसंडून वाहणे (ओव्हरफ्लो) हा दोष केवळ नासाडीचा नव्हे, तर आगीचा व एंजिनाच्या हानीचाही आहे. वाटीतील पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जाऊन त्याची छोटी सुई पेट्रोलचा मार्ग बंद करते. सुईच्या टोकास खाच पडली, तिच्या आसनावर कचरा बसला किंवा फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल भरले, तर मार्ग बंद होत नाही. फ्लोट कानाशी हलविल्यास आतील पेट्रोलचा आवाज येतो. रात्रभर कॉक चालू राहिल्यास फोर-स्ट्रोक गाडीत हे पेट्रोल उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये व तेथून ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलची पातळी कारणाविना वाढलेली दिसली किंवा त्यास पेट्रोलचा वास आला, तर एंजिन चालू करू नये. पातळ झालेल्या ऑइलाने बेअरिंगचे रक्षण होत नाही. आधी फ्लोटचा दोष काढून मग ऑइल बदलावे.

प्लगचा रंग हा जुना मार्गदर्शक आहे. काळी कोरडी काजळी दाट मिश्रण, पांढुरके टोक विरळ मिश्रण आणि फिकट तपकिरी रंग योग्य मिश्रण सुचवितो. ओला प्लग मात्र दाट मिश्रणाइतकाच ठिणगी नसल्याचाही पुरावा असू शकतो. हल्लीच्या शिसेविरहित, इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून केवळ रंगावर निर्णय घेऊ नये. त्यापेक्षा विश्वासार्ह कसोटी अशी: तापलेली गाडी अडखळत असताना चोक किंचित ओढावा. सुधारली तर मिश्रण विरळ, आणखी बिघडली तर दाट.

सफाई व जुळणी

काम मोकळ्या हवेत, ज्योत व ठिणगीपासून दूर करावे. कॉक बंद करून वाटी प्रथम रिकामी करावी. जपानी बनावटीच्या स्क्रूंच्या फुलीचा आकार सामान्य फिलिप्स पेचकसाशी पूर्ण जुळत नाही. बाजारातील बहुतेक जुन्या कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू घासून गोल झालेले दिसतात त्याचे कारण हेच. फ्लोटची पिन ठोकताना तिला धरणारे नाजूक खांब मोडण्याची भीती असते, आणि ते मोडल्यास संपूर्ण कार्ब्युरेटर निकामी होतो.

सर्व रबरी भाग काढल्याशिवाय रासायनिक सफाईद्रव मारू नये. पडदा त्याने फुगतो. जेट पितळी असल्याने त्यांत पोलादी तार किंवा टाचणी घालू नये. छिद्र शतांश मिलिमीटरने जरी वाढले तरी जेटचा क्रमांक व्यवहारात बदललेला असतो. विजेच्या मऊ वायरीतील तांब्याचा एक तंतू, सफाईद्रव व दाबाखालील हवा एवढे पुरते. जेट उजेडाकडे धरून छिद्र पूर्ण गोल दिसते का हे पाहावे. कार्ब्युरेटरच्या अंगातील मार्गही तितकेच महत्त्वाचे आहेत. एका छिद्रात हवा मारल्यावर ती दुसरीकडून निघते का, हे बोट ठेवून तपासावे. नुसते जेट साफ करून जोडलेला कार्ब्युरेटर पुन्हा उघडावा लागतो.

याच वेळी जेटवरील क्रमांक वाचून उत्पादकाच्या सेवापुस्तिकेशी ताडून पाहावेत. जुन्या गाडीत ‘ॲव्हरेज’ वाढविण्यासाठी पूर्वीच्या मालकाने लहान जेट बसविलेले किंवा सुई एक-दोन खाचा खाली उतरविलेली असणे सर्रास आढळते. मिकुनी व केहिन यांची मुख्य जेटच्या क्रमांकांची पद्धत वेगळी असल्याने एकाचा क्रमांक पाहून दुसऱ्याचा जेट घेता येत नाही.

फ्लोटची पातळी पारदर्शक नळीने तपासता येते. ड्रेनच्या तोंडास नळी जोडून ती वाटीच्या बाजूने वर धरावी व ड्रेन स्क्रू सैल करावा. नळीतील पेट्रोलची उंची हीच वाटीतील पातळी असते. ती वाटीच्या सांध्याच्या तुलनेत किती असावी हे गाडीगणिक बदलते.

शेवटी स्क्रूची जुळणी केली जाते, आणि येथे एक गोंधळ नेहमी होतो. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूस असल्यास तो हवेवर नियंत्रण ठेवतो, म्हणून आत फिरविल्यास मिश्रण दाट होते. तो एंजिनाच्या बाजूस असल्यास तो पेट्रोलमिश्रणावर नियंत्रण ठेवतो आणि आत फिरविल्यास मिश्रण विरळ होते. स्क्रू हलकेच पूर्ण आत नेऊन सामान्यतः दीड ते अडीच फेरे बाहेर काढावा. गाडी पूर्ण तापवून, आयडल थोडे वाढवून, एंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालेल त्या स्थानी मिश्रणाचा स्क्रू ठेवावा व मग आयडलचा स्क्रू खाली आणावा. स्क्रू कितीही फिरविला तरी एंजिनावर परिणाम होत नसेल, तर पायलट मार्ग अद्याप बुजलेला आहे असे समजावे.

प्रदूषण तपासणीचा (पीयूसी) अहवाल येथे उपयोगी पडतो. एप्रिल २००० नंतरच्या, भारत स्टेज ४ पूर्वीच्या दुचाकींसाठी आयडलवरील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि त्याआधीच्या दुचाकींसाठी ४.५ टक्के आहे. आकडा मर्यादेच्या आत असणे एवढेच बहुतेक लोक पाहतात. पण तो शून्याजवळ असेल तर जुन्या गाडीत मिश्रण फार विरळ असल्याची शंका घ्यावी. अर्थात हे मापन आयडलचे असते, मुख्य जेटविषयी त्यावरून काहीच कळत नाही.

टू-स्ट्रोक गाड्यांतील विशेष धोका

जावा-येझदी, राजदूत यांसारख्या ज्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाते, त्यांत पेट्रोल कमी पडणे म्हणजे वंगणही कमी पडणे होय. मुख्य जेट अर्धवट बुजलेल्या स्थितीत गाडी पूर्ण मुठीवर पळविल्यास दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो (सीझ होणे) व मागील चाक अचानक थांबून अपघात होऊ शकतो. सरळ रस्त्यावर मूठ न बदलता गाडीचा आवाज धातूसारखा कोरडा होत गेला किंवा ती आपोआप मंदावू लागली, तर तत्काळ क्लच दाबून मूठ सोडावी. या गाड्यांत क्रँकच्या टोकांवरील ऑइल सील झिजल्यासही मिश्रण विरळ होते. मॅग्नेटोकडील सील गेल्यास हवा आत येते. क्लचकडील सील गेल्यास गिअर ऑइल ओढले जाऊन दाट पांढरा धूर निघतो. कार्ब्युरेटर कितीही जुळविला तरी हा दोष सुटत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढून २० टक्क्यांपर्यंत (ई २०) गेले आहे. उसावर आधारित इथेनॉलचे महाराष्ट्र हे एक प्रमुख उत्पादक राज्य आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्यास ज्वलनासाठी केवळ ९ पट हवा लागते व ई २० साठी हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. अंतःक्षेपण प्रणालीतील संवेदक हा फरक काही प्रमाणात भरून काढतात. कार्ब्युरेटर मात्र छिद्राच्या आकाराने बांधलेला असल्याने तो जुन्याच हिशेबाने इंधन देतो व मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्क्यांनी विरळ होते. पूर्वीपासूनच विरळ केलेल्या गाडीत हा फरक जाणवण्याइतका मोठा ठरतो. सुई एक खाच वर घेणे किंवा जेट एक क्रमांकाने मोठा घेणे हा उपाय केला जातो.

इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि वाटीतून सर्वप्रथम तोच थर एंजिनाकडे जातो. जुन्या रबराच्या नळ्या, ओ-रिंग व फ्लोट-सुईची टोके यांचे आयुष्यही त्याने घटते. दुरुस्तीसाठी नवे संच घेताना ते इथेनॉलरोधक असल्याची खात्री करावी.

उंचीचा परिणाम

उंचीवर हवा विरळ होते व कार्ब्युरेटर तितकेच पेट्रोल देत राहतो, परिणामी मिश्रण दाट होते. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हा फरक चालकास क्वचितच जाणवतो. लडाखमधील ५,००० मीटरपेक्षा उंच खिंडींत मात्र हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येते व सुस्थितीतील गाडीही गुदमरते. तेथे तात्पुरता लहान मुख्य जेट बसविण्याची पद्धत आहे. परत खाली उतरल्यावर मूळ जेट पुन्हा बसविणे अत्यावश्यक असते.